सात टोकांची चांदणी

चिंचवस्ती, ता. कोपरगाव
१९ ऑगस्ट १९९४

चि. महेंद्र यास मरियाकाकूचा सलाम.

अक्षर तुला ओळखू येणार न्हाई. दहा वर्षं आपल्या दोन घरांत कागद हालला न्हाई, आन आता हालतोय तो गरजेपोटी, हे आधीच कबूल करते. मी तुझ्या आमोस मास्तरकाकाची बायको, वस्तीवरच्या बालवाडीची बाई. मास्तर म्हणतात, बोलतेस तसं लिहू नको, लोक हसतात. हसू दे. शुद्ध लिहायला बसले तर पत्र पुरं व्हायचं न्हाई.

आमची बेबी मुंबईत हरवली हाय. तू तिला शेवटी पाहिलीस तेव्हा ती दहा वर्षांची हुती, आता विशीची. गेल्या साली तिथल्या नर्सिंगच्या शाळेत तिचा नंबर लागला. होस्टेलवर राहायची. २३ जुलैला सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडली ती परत आलीच न्हाई. आम्हाला आठ दिवसांनी कळवलं. मास्तर जाऊन आले. चौकीतला माणूस म्हणाला, या वयाच्या पोरी कुठं जातात ते तुम्हाला शिकवायला पाहिजे का मास्तर? तीस वर्षं गावाची पोरं ज्यांच्या आवाजानं चळाचळा कापली, ते मान खाली घालून घरी आले.

तसली पोर न्हाई ती. जायचं असतं तर भांडून गेली असती, माझीच हाय ती.

शाळेतलं नाव रश्मी आमोस पगारे. त्याच नावानं चौकशी कर. फोटो पाठवते तो दहावीचा, दोन वेण्यांचा हाय. दुसरा न्हाई.

आमच्या घरात जेवायला बसताना मास्तर हजेरी घ्यायचे. तीनच माणसं, पण नाव घेतल्याशिवाय आन 'हजर' म्हटल्याशिवाय ताट पुढं यायचं न्हाई. आता ते माझं नाव घेतात, मग थांबतात, मग मुकाट भाकरी मोडतात. मला ते बघवत न्हाई.

भाऊजींना, म्हणजे तुझ्या वडलांना, सांगायचं का न्हाई ते तू ठरव. आमचं तोंड बघणार न्हाई असं म्हणाले हुते. तोंड नका बघू म्हणावं, पोर तेवढी बघा.

तुझी काकू,
मरिया


विक्रोळी
४ सप्टेंबर १९९४

मरियाकाकूंना महेंद्रचा जय भीम.

पत्र वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भांडण माझं आमोसशी. पोरीनं काय घोडं मारलंय माझं?" आणि काठी घेऊन निघालेच. सत्तरीचा माणूस, कसाबसा परत बसवला.

त्या भांडणाचं एकदाच बोलतो, मग विषय बंद. चौऱ्याऐंशी साली मी केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा दिली, तेव्हा केंद्रात बौद्धांना सवलत नव्हती. काका वडिलांना म्हणाले, "भाऊसाहेब, फॉर्मात जुनी जात लिहायला सांगा. देव काय तहसीलचे कागद वाचत बसत नाही." वडील म्हणाले, "मग छप्पन साली आम्ही काय गंमत केली?" मी 'बौद्ध' लिहिलं, नोकरी गेली, आज कंपनीत टर्नर आहे. आजोबा एक, पगारे एक, पण तुम्ही मिशनच्या वाटेनं गेलात आणि आम्ही बाबासाहेबांच्या. एवढ्या एका वाक्यावर भावकी तुटली. नोकरीचं मला आता काही वाटत नाही. वडिलांना वाटतं.

आता कामाचं. चार मोठी हॉस्पिटलं, दोन महिलाश्रम आणि नको तिथेही जाऊन आलो. नको तिथे ती नाही, हे आधी सांगतो. रश्मी नावाच्या तीन मुली भेटल्या, तिघीही दुसऱ्याच.

एक विचारायचं आहे. तिच्या खोलीतली मैत्रीण सांगत होती, ती जायच्या दोन दिवस आधी ऑफिसात तिच्याबद्दल एक निनावी पत्र आलं होतं. तिला आत बोलावलं, ती बाहेर आली तेव्हा पांढरी पडली होती. पत्रात काय होतं ते होस्टेलच्या बाई सांगायला तयार नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का? आमच्या कामात सुताएवढा फरक राहिला तरी माल बाद होतो, म्हणून विचारतो.

तुमचा,
महेंद्र


चिंचवस्ती
१० जानेवारी १९९५

चि. महेंद्र यास सलाम.

तुझी पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. निनावी पत्राचं मला काय ठाऊक? लोकांच्या हाताला काम नसलं म्हणजे लिहितात. ते सोड आन रश्मी नावानंच शोध.

यंदा नाताळ केला न्हाई. मास्तर दर साली कामट्या बांधून, रंगीत कागद लावून चांदणी करतात. सगळ्या जगाची चांदणी पाच टोकांची, आमची सात. बेबी दोन वर्षांची असताना मास्तरांचं माप चुकलं आन दोन टोकं जास्त झाली. तेव्हापासून तीच चूक दर साली मुद्दाम करतात. यंदा कामट्या तासून ठेवल्या आन तशाच माळ्यावर टाकल्या. माझ्या संडे स्कूलच्या पोरांनी मात्र कार्डं काढली, सगळ्यांवर सात टोकांची चांदणी, कारण त्यांना चांदणी तशीच असती असं वाटतं. पंचवीस-तीस कार्डं आली, काही हातात, काही पोस्टानं. मी न बघता पत्र्याच्या डब्यात कोंबली.

शेजारची रंगुबाई परवा मला म्हणाली, "मरिया, पोरीच्या नावानं एक प्रार्थना घालून मोकळी हो." मी म्हटलं, "मोकळी तू हो, माझ्या दारातून." गेली तणतणत. पण गेल्यावर मी चुलीपुढं बसून लई रडले. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू.

तू शोधतोयस ना? थांबू नको.

काकू


विक्रोळी
२२ नोव्हेंबर १९९५

मरियाकाकूंना जय भीम.

दहा महिने तुमचं पत्र नाही. मी सहा लिहिली. तुम्ही आजारी आहात की माझ्यावर रागावलात, ते तरी कळवा. शोध थांबवलेला नाही. वडिलांनी तर विक्रोळी ते ठाणे सगळे दवाखाने पाठ केलेत, कुठल्या दवाखान्याचा चहा चांगला हेही सांगतात.

गेल्या रविवारी गोवंडीच्या झोपडपट्टीत मिशनवाल्यांनी आरोग्य शिबिर घेतलं. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून मदतीला नर्सा येणार असं कळलं, म्हणून रात्रपाळी उरकून तसाच कामाच्या कपड्यांत गेलो. टेबलावरच्या बाईंनी यादी पाहिली. रश्मी पगारे नाही. फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "भाऊ, दोन वेण्यांच्या अशा पोरी मी रोज पन्नास बघते. नक्की नाव असेल तर सांगा." नाव तर मी सांगितलंच होतं.

एक गंमत मात्र लिहितो. पडद्यामागे कोणी मुलगी एका लेकराला औषध पाजत होती, पडद्यावर सावल्या तेवढ्या दिसत होत्या. पोर हातपाय झाडत होतं. ती चमचा टेकवत म्हणाली, "हनुवटीला एक, नाकाला दोन, आता चमचा कुणाकडं जायचा?" पोरानं 'माझ्याकडं' म्हणायला तोंड उघडलं आणि औषध आत. मी हसलो. औषध पाजायची अशी युक्ती मी कधी पाहिली नव्हती. पडद्यापलीकडे एकदम शांत झालं. मी निघालो.

उत्तर लिहा, काकू. शिव्या द्यायच्या असल्या तरी लिहा.

महेंद्र


चिंचवस्ती
२७ नोव्हेंबर १९९५

बाळ महेंद्र,

ती तीच हाय.

हनुवटीला एक, नाकाला दोन हे जगात कुणी करत न्हाई. मी काढलंय ते, वस्तीवरच्या कारभारीच्या बालवाडीतल्या नातवासाठी. तो चमचा बघितला की दातखीळ बसवून घ्यायचा. बेबी तेव्हा माझ्या पदराला धरून बघायची. तू तिच्यापासून चार हातांवर उभा हुतास आन तिला दुसऱ्याच नावानं हाका मारत हुतास. आन ते नाव तुझ्या तोंडात मी घातलंय.

तिचं नाव रश्मी न्हाई. तिचा बाप्तिस्मा ग्लोरिया नावानं झाला. आपल्या माणसांत ती ग्लोरिया आमोस. तू लहानपणापासून मुंबईला, तुझ्या आन भाऊजींच्या कानावर बेबीच पडलं. शाळेत घालताना मास्तरांनी रश्मी लिहिलं, धर्म हिंदू लिहिला आन जुनी जात लिहिली, सवलत मिळावी म्हणून. ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाती. पुढं तसाच दाखला काढला, त्याच दाखल्यावर मुंबईचा नंबर लागला. निनावी पत्रात हेच असणार. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हुतं.

का सांगितलं न्हाई म्हणशील. मास्तर म्हणाले, ग्लोरिया नाव निघालं की खोटा दाखला निघंल, माझी नोकरी जाईल, तिच्यावर खटला होईल, सापडली तरी तुरुंगात जाईल. आन दुसरं म्हणजे, सांगायचं कुणाला? तुला. ज्यानं खरं लिहून नोकरी घालवली त्याला. तुझं पत्र आलं की त्यात ती चौऱ्याऐंशी सालची ओळ मला दिसायची आन लिहायला हात धजायचा न्हाई. म्हणून दहा महिने गप्प राहिले. आई असून गप्प राहिले, महेंद्र.

हे पत्र मी मास्तरांपुढं बसून लिहितेय. त्यांना म्हटलं, नोकरी ठेवा न्हाईतर पोर ठेवा. ते उठले आन माळ्यावरच्या कामट्या खाली काढल्या.

तू रागाव. भाऊजींनाही वाचा म्हणावं. पण आधी जा, आन ग्लोरिया म्हणून विचार.

मरिया


विक्रोळी
९ डिसेंबर १९९५

काकू,

सापडली. सुखरूप आहे. आधी हे वाचा, हवं तर दोनदा वाचा, मग पुढचं.

तुमचं पत्र वाचलं. खरं सांगतो, मला राग आला. सोळा महिने, काकू. सगळी मुंबई पालथी घातली ती एका नसलेल्या मुलीसाठी. वडिलांनी पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आमोस गाढव आहे. ऊठ, शर्ट घाल."

शिबिराच्या त्याच बाईंकडे गेलो. म्हटलं, ग्लोरिया आमोस. त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही होय? ही तर मानखुर्दच्या दवाखान्यात मदतनीस आहे. त्या दिवशी पडद्यामागे हीच होती, तुम्ही गेल्यावर मागच्या दारानं पळाली."

मानखुर्दला ती एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलत होती. मला बघताच उठली. मी दारातूनच म्हटलं, "मी पोलीस नाही. भाऊसाहेब पगाऱ्यांचा महेंद्र, तुझा चुलतभाऊ." झालं होतं असं की आमच्या कंपनीचे कपडे खाकी. पडद्याच्या फटीतून तिला खाकीतला माणूस दिसला, रश्मी पगारे कुठे म्हणून विचारताना, तर ती काय समजणार? मी शोधायला गेलो आणि मीच तिला पळवलं. वडील म्हणतात, यापुढे मी धोतर नेसून फिरावं.

तिनं पहिला प्रश्न केला, "मास्तरांना धरलं का?" निनावी पत्र आल्यावर ऑफिसात तिला सांगितलं होतं, बापालाही बोलावू. तिनं विचार केला, रश्मीच नसली तर खटला कोणावर चालणार? म्हणून रश्मीला होस्टेलवरच सोडून दिलं आणि स्वतःच्या खऱ्या नावानं फरशी पुसायचं काम धरलं. सहा महिन्यांत तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टीला बसवलं. आता म्हणतात, हिला शिकवा, नाहीतर मी शिकवते.

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. तिचं पत्र सोबत आहे.

तुमचा,
महेंद्र


(सोबतचं पत्र)

आई,

मी जिती हाय. मास्तरांवर आन तुझ्यावर रागावले न्हाई. हुते, पण आता न्हाई.

मी कळवलं न्हाई असं समजू नको. गेल्या नाताळात कार्ड टाकलं हुतं. नाव लिहायची भीती वाटली, म्हणून नुसती चांदणी काढली. सात टोकांची. मला वाटलं तू ओळखशील आन पत्ता न्हाई म्हणून उत्तर धाडता येणार न्हाई, पण तुला कळंल तरी की मी हाय. तुझ्या त्या पोरांच्या ढिगात गेलं असंल तर डबा उघडून बघ. माझ्या चांदणीचं एक टोक वाकडं हाय, मास्तरांच्या चांदणीसारखं.

आता नर्स व्हायचंच. पण आता फॉर्म मी भरणार.

ग्लोरिया


चिंचवस्ती
२ जानेवारी १९९६

ति. भाऊसाहेब यांस आमोसचा सलाम.

पत्र लिहिण्याचा अधिकार राहिलेला नाही, तरी लिहितो. काल तहसील कचेरीत आणि शिक्षण खात्यात स्वतः लेखी जबाब दिला. दाखला खोटा, तो मी काढला, मुलगी अज्ञान होती, तिचा दोष नाही. चौकशी लागेल. मुख्याध्यापकपद जाईल. चर्चमधलं पंचपदही मी होऊन सोडलं.

बारा वर्षांपूर्वी आपण विचारलं होतं, मग छप्पन साली आम्ही काय गंमत केली? आपण बरोबर होता, एवढं लिहिण्यासाठी हे पत्र.

मुलगी परवा घरी आली. डब्यात ते कार्ड सापडलं. वर गोवंडीचा शिक्का होता. वर्षभर माझ्या उशापासून पाच हातांवर पडून होतं आणि मी दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवत होतो.

आपला,
आमोस


चिंचवस्ती
२४ मे १९९८

चि. महेंद्र यास सलाम, आन भाऊजींना जय भीम. हसू नको, आता आमच्या घरात दोन्ही चालतं.

तुला रजा मिळाली न्हाई, म्हणून परवाचं सगळं लिहून धाडते. भाऊजी तुला सांगतीलच, पण ते फक्त स्वतःचं सांगतील.

तुला ठाऊक हाय, नगरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंगच्या फॉर्मात ग्लोरियानं सगळं खरं भरलं. नाव ग्लोरिया आमोस पगारे, धर्म ख्रिस्ती, सवलत न्हाई. मास्तर शेजारी बसून नुसते बघत हुते. त्यांना फक्त पेनात शाई भरायचं काम दिलं हुतं. खुल्या जागेतून नंबर लागला. मुख्याध्यापकाचे साधे मास्तर झाले, पण गड्याची झोप सुधारली. परवा प्रमाणपत्रं वाटायचा समारंभ झाला आन आपली पोर वर्गात पहिली आली. पहिली, महेंद्र. मी हे वाक्य दिवसातनं दहा वेळा म्हणते. रंगुबाईला तर तिच्या दारात जाऊन ऐकवून आले.

भाऊजी आदल्या दिवशी एसटीनं आले. मास्तर आन मी स्टँडवर आणायला गेलो. मला धास्ती, चौदा वर्षांनी भेटतायत, काय बोलतील. भाऊजी गाडीतून उतरले आन पिशवी मास्तरांच्या हातात देऊन म्हणाले, "आमोस, देव कागद वाचत न्हाई म्हणतोस, उद्या तुझ्या पोरीचा कागद मीच वाचणार, चष्मा आणलाय." मास्तर हसले. मग दोघंही स्टँडवर उभ्या उभ्या रडले, आन कंडक्टर म्हणाला, बाबा, गाडी मागं घ्यायचीय.

हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मी, मास्तर, मध्ये भाऊजी. पुढं पंचवीस पोरी पांढऱ्या कपड्यांत, हातात पेटते दिवे. मेट्रनबाई एकेक नाव घ्यायच्या, पोरगी उठायची, मुकाट्यानं जायची, कागद घेऊन यायची. कुणी बोलायचं न्हाई अशी शिस्त. शेवटी पहिली आलेली. बाईंनी सगळं नाव घेतलं, "ग्लोरिया आमोस पगारे."

आपली पोर उठली. स्टेजकडं न बघता मागं वळली, तिसऱ्या रांगेकडं बघितलं आन सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली,

"हजर."

सगळे हसले. मेट्रनबाईसुद्धा. मास्तर हसले न्हाईत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आन हवेतच, हजेरीच्या वहीत करतात तशी, बरोबरची खूण केली. मग त्यांना काही दिसेना, तेव्हा भाऊजींनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

चांदणी दारावर लावलीय. मे महिन्यात लोक विचारतात, नाताळ कवाचा? मी सांगते, आमच्याकडं उशिरा आलाय, आता जरा राहू दे. तू पोरांना घेऊन ये, आंबा संपायच्या आत.

काकू